यंत्राच्या कानावर अहिराणी



नाशिकच्या या सभागृहात सटाण्याची, कळवणची, देवळ्याची, मालेगावची मंडळी आहेत, हे मला मघाशी बाहेर उभा असताना ऐकूनच कळलं. ‘काय चाली राहिनं भाऊ?’ असं कुणी कुणाला अहिराणीत विचारत होतं. आत आल्यावर तीच मंडळी माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलली. दारातून आत येईपर्यंत भाषा बदलली. ती का बदलली, आणि बोलणं ऐकणारी यंत्रं घराघरांत येत असताना या बदलाचं पुढे काय होणार, हा माझा आजचा विषय आहे.

पीएम-किसान योजनेची चौकशी करायला २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ ही सेवा आली. प्रश्न बोलून विचारायचा आणि उत्तर ऐकायचं. तिच्यामागे ‘भाषिणी’ ही केंद्र सरकारची भाषा-यंत्रणा आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली. कल्पना फार चांगली आहे. ज्याला लिहिता येत नाही, ज्याचं टंकन अडखळतं, त्याला तोंडाने काम करून घेता यावं, यापेक्षा मोठी सोय कोणती? पण कोणत्या तोंडाने? कळवणच्या बाईने ‘मना डोया दुखस’, म्हणजे माझा डोळा दुखतो, असं म्हटलं, तर यंत्राच्या कानावर काय पडतं?

इथे दोन वेगळी कामं आहेत, आणि बातम्यांमध्ये ती नेहमी एकात एक मिसळलेली असतात. एक काम, आवाज ऐकून हा माणूस अहिराणी बोलतो आहे की वऱ्हाडी की कोकणा, हे ओळखण्याचं. दुसरं, तो काय म्हणतो आहे हे समजून घेण्याचं. पहिल्या कामात यंत्र तुमचं गाव शोधतं. दुसऱ्यात ते तुमचं म्हणणं ऐकतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं काम दुसऱ्यासाठी करायचं असतं. बोली ओळखायची ती माणसाला त्याच्याच बोलीत उत्तर मिळावं म्हणून. हे नातं तुटलं, तर बोली ओळखणारं यंत्र माणसं वेगळी काढण्याचं यंत्र होतं. त्याकडे मी शेवटी येईन.

दोन्ही कामांना आधी बोलींचे नमुने लागतात. बोली गोळा करण्याचा मोठा उद्योग या देशात पहिल्यांदा भाषाभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत त्यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण खंड-खंड करून छापलं गेलं. मराठीचा सातवा खंड १९०५चा. आपली खानदेशी, म्हणजे अहिराणी जिच्यात येते ती भाषा, त्यात नाही. ती १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे, भिल्ली बोलींच्या शेजारी. ग्रिअर्सन यांची पद्धत काय होती? जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना एकच मजकूर पाठवायचा आणि तो तिथल्या बोलीत करून मागवायचा. मजकूर होता बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा. शेकडो बोलींत तीच गोष्ट असल्यामुळे बोलीला बोली लावून पाहता आली. हा मोठा फायदा होता आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण कुणा लिहित्या माणसाने भाषांतर करून दिलेलं वाक्य आणि शेताच्या बांधावर उमटलेलं वाक्य यांत अंतर राहतंच.

आता शंभर वर्षं पुढे या. २०२३च्या मे महिन्यात मेटा कंपनीच्या संशोधकांनी अकराशेहून अधिक भाषांतलं बोलणं अक्षरांत उतरवणारं प्रारूप जाहीर केलं. चार हजारांहून अधिक भाषा ते नुसत्या ओळखू शकतं, असंही सांगितलं. एवढ्या भाषांचा आवाज त्यांना मिळाला कुठून? बायबलच्या नव्या कराराच्या ध्वनिमुद्रित वाचनांतून! शंभर वर्षांनी पुन्हा तोच ग्रंथ. कारणही सरळ आहे: इतक्या भाषांत आवाज आणि मजकूर जोडीने मिळतील असं दुसरं साहित्य जगात जवळपास नाही. त्या वाचनांत पुरुषांचे आवाज जास्त आहेत, हे त्या संशोधकांनीच नोंदवलं आहे. आणि वाचणारा माणूस बोलत नसतो. तो वाचत असतो. थबकणं, वाक्य अर्धवट सोडणं, मध्येच ‘नाई का’ म्हणणं, रागावणं, हे वाचनात येत नाही. बोली मात्र नेमकी तिथेच राहते.

हे परक्यांचं झालं. आपल्याकडे काय आहे? मद्रास आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने भारतीय भाषांसाठी फार मोलाचं काम केलं आहे. त्यांच्या ‘श्रुतिलिपी’ या संग्रहात बारा भाषांतले सहा हजारांहून जास्त तास आहेत. ते आवाज आकाशवाणीच्या बातमीपत्रांतून घेतलेले आहेत. बातम्यांचा आवाज स्वच्छ असतो, त्याचा मजकूर लिहिलेला असतो. म्हणून तो घेतला, आणि घ्यायलाच हवा होता. पण त्यातून यंत्राच्या मनात मराठी म्हणून जी मराठी बसते, ती निवेदकाची. बातम्या देणाऱ्या माणसाच्या घरातलीसुद्धा नाही, माईकसमोर बसल्यावरची.

आणि हे तास कुठल्या जगात किती तुटपुंजे आहेत, त्याचा अंदाज देतो. ओपनएआयचं ‘व्हिस्पर’ हे प्रारूप २०२२ मध्ये आलं तेव्हा ते सहा लाख ऐंशी हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं होतं. त्यात मराठी आवाज आणि त्याचा मराठी मजकूर अशी जोडी होती एका तासाहूनही कमी. २०११च्या जनगणनेत मराठी बोलणारे आहेत सव्वाआठ कोटींहून अधिक. प्रमाण मराठीची ही स्थिती, तर अहिराणीचं काय विचारावं?

अहिराणीचं दुखणं तर आणखी वेगळं आहे, आणि ते आपल्या कागदपत्रांतून आलेलं आहे. त्याच जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली आहे. साडेअठरा लाख लोक. ती आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत नाही. त्यामुळे बावीस भाषांसाठी जे जे काम निघतं, त्यात ती येत नाही. बरं, मराठीच्या नावाने आवाज गोळा करायला माणसं निघाली, की ती म्हणतात, ही तर वेगळी भाषा. शाळेत मात्र तिच्या लेकरांना मराठीची अशुद्ध बोली बोलणारी म्हणून टोकलं जातं. मोजताना वेगळी आणि शिकवताना आपली चूक, असे दोन्हीकडचे तोटे जिच्या वाट्याला आले अशी ही भाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. कुसुमाग्रजांच्या या गावात त्याचा आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या दर्जाने कळवणच्या बाईचं वाक्य यंत्राला कळणार नाही. ते काम वेगळ्या हातांनी करावं लागेल.

आता थोडं यंत्राच्या कानात शिरू. यंत्राला शब्द ऐकू येत नाहीत. हवेच्या दाबातले चढउतार त्याला आकडे म्हणून मिळतात, सेकंदाला सोळा हजार. साध्या फोनवरून आले तर आठ हजार. या आकड्यांचे साधारण पंचवीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कोणत्या उंचीच्या सुराला किती जोर आहे ते मोजायचं, आणि त्या मोजमापांच्या माळेवरून अंदाज बांधायचा. बोली ओळखायची तर यंत्र कशाकडे पाहतं? कोणता ध्वनी किती वेळा येतो. कोणत्या ध्वनीमागे कोणता येतो. स्वर किती लांबतो, वाक्याच्या शेवटी सूर वर जातो की खाली.

अहिराणीत अशा खुणा भरपूर आहेत. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: डोळा तिथे डोया, काळा तिथे काया. ‘आहे’ऐवजी ‘शे’. ‘मला’ऐवजी ‘माले’. क्रियापदांना लागणारा तो ‘स’: मी करस, तू करस, तो करस. नुसत्या या ‘स’ची वारंवारता मोजली तरी यंत्राला दिशा मिळते. मग अडचण कुठे? अडचण फोनमध्ये आहे. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक, ‘चहा’तला ‘च’ आणि ‘चाका’तला ‘च’ यांतला फरक, हे सगळं आवाजाच्या वरच्या पट्टीत असतं. साध्या फोनची वाहिनी साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास ही पट्टी कापून टाकते. लासलगावच्या बाजार समितीतून कुणी कांद्याचा भाव विचारायला फोन लावला, तर ट्रॅक्टरचा आवाज पोचतो आणि नेमका ‘स’ बोथट होऊन पोचतो.

याच भावांच्या चौकशीसाठी पंधराएक वर्षांपूर्वी एक प्रकल्प झाला होता. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत, म्हणून सहा भारतीय भाषांत काम सुरू झालं. मराठीची बाजू मुंबईच्या आयआयटीतल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सांभाळली. त्यांनी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यातून शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले, तेही शेतकऱ्यांच्याच हातातल्या फोनवरून. आज मोठमोठ्या आकड्यांच्या गर्दीत त्या कामाची आठवण फार कुणी काढत नाही. मला ते आजही आदर्श वाटतं, कारण त्यांनी आवाज जिथे वापरला जाणार तिथूनच उचलला.

असं का म्हणतो? ‘आमचं यंत्र पंचाण्णव टक्के अचूक बोली ओळखतं’ अशा बातम्या तुम्ही वाचत असाल. त्या वाचताना दोन प्रश्न विचारा. पहिला: ज्यांच्या आवाजावर यंत्र शिकलं, त्यांच्याच आवाजावर त्याची परीक्षा घेतली का? तसं असेल तर यंत्राने बोली ओळखलेली नाही, माणूस ओळखला आहे. दुसरा: प्रत्येक बोलीचं ध्वनिमुद्रण एकाच ठिकाणी, एकाच फोनवर झालं होतं का? अहिराणीचे सगळे आवाज सटाण्याच्या एका वर्गखोलीत घेतले आणि पुण्याचे सगळे स्टुडिओत, तर यंत्र त्या वर्गखोलीचा घुमारा शिकतं. उद्या तिथे पुण्याचा माणूस बोलला तर त्यालाही ते अहिराणी म्हणेल. शिकताना न भेटलेल्या गावात, न भेटलेल्या माणसावर, वेगळ्या फोनवर घेतलेली परीक्षा हीच खरी परीक्षा.

आता मी माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. आवाज मिळाला, समजा. तो लिहून घ्यायचा कुणी?

यंत्राला शिकवताना आवाजाबरोबर त्याचा मजकूर द्यावा लागतो. हा मजकूर लिहिणारी माणसं असतात, बहुतेक तरुण, तासावर किंवा मिनिटावर पैसे मिळणारी. समोर आवाज आला, ‘मना पोऱ्या नाशिकले जास’. लिहिणारा शहरातला असेल, किंवा शाळेत ज्याच्या बोलण्यावर लाल रेघा ओढल्या गेल्या असा असेल, तर तो काय लिहितो? ‘माझा मुलगा नाशिकला जातो.’ त्याला वाटतं आपण शुद्ध केलं. त्याने खोटं लिहिलेलं नाही, अर्थ बरोबर आहे. पण त्या क्षणी ते वाक्य संग्रहातून गेलं. असे हजार तास झाले की यंत्र शिकतं, की आवाज काहीही येवो, लिहायचं प्रमाण मराठी. संग्रहाच्या यादीत ‘नाशिक जिल्हा, इतके तास’ अशी नोंद राहते आणि आत अहिराणीचा एक शब्द नसतो. मी असे मजकूर पाहिले आहेत. ते वाचताना फार वाईट वाटतं, कारण ही पुसापुशी कुणी वाईट हेतूने करत नाही. आपण वर्षानुवर्षं मुलांना जे शिकवलं तेच ती करतात.

आणि बोलीप्रमाणे लिहायचं म्हटलं, तर कसं लिहायचं? कुणी ‘मना’ लिहितं, कुणी ‘मन्हा’. ‘राहिना’, ‘राह्यना’, ‘ऱ्हायना’ तिन्ही दिसतात. यंत्राची चूक मोजण्याची रूढ पद्धत अशी की शंभर शब्दांत किती शब्द अपेक्षित मजकुराशी जुळले नाहीत ते मोजायचं. अपेक्षित मजकुरात ‘मन्हा’ असेल आणि यंत्राने ‘मना’ लिहिलं, तर चूक! ज्या भाषेचं लेखन अजून एका वळणावर स्थिरावलेलं नाही, त्या भाषेवर ही पद्धत अन्याय करते. यावर उपाय आहे. दोन्ही रूपं बरोबर धरणारा कोश आधी तयार करायचा आणि मग मोजायचं. असा कोश करायला लागणारं धन आपल्याकडे आहे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांचं अहिराणीच्या शब्दकोशाचं आणि व्याकरणाचं काम आहे. सटाण्याच्या डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’ हे अहिराणी नियतकालिक चालवलं. ही माणसं संगणकवाल्यांच्या बैठकीला बोलावली जात नाहीत, ती बोलावली पाहिजेत. त्यांच्याशिवाय होणारं काम कितीही तासांचं झालं तरी अपुरं.

याच ओघात एक गोष्ट. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असं आपण सहज म्हणतो. जाणकार तिला लेवा गणबोली म्हणतात. धुळ्याकडची अहिराणी वेगळी, बागलाणातली आणखी निराळी. यंत्रावर ‘खानदेशी’ असं एकच नाव डकवलं तर हे सगळं एका पिशवीत जातं. अरबी भाषेच्या अभ्यासकांनी या अडचणीतून एक वाट काढली. त्यांनी २०१९ मध्ये सतरा देशांतले सुमारे तीन हजार तास आवाज घेतले आणि नावं बोलींची न देता देशांची दिली. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांचा ‘वाणी’ प्रकल्पही तसाच, जिल्ह्यांच्या हिशेबाने चालतो. माणसाला चित्र दाखवायचं आणि त्याला जे बोलावंसं वाटेल ते बोलू द्यायचं. भाषेचं नाव आधी ठरवायचं नाही. मला ही रीत पटते. इथे सुरगाण्यात कोकणा आणि वारली आहेत, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर आहेत, मालेगावात उर्दू आणि अहिराणी एकाच गल्लीत आहेत. बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. आपल्या जिल्ह्यात ती बारा पावलांवर बदलते. तिथे आधी ऐकावं आणि नाव मागून द्यावं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे नवं सर्वेक्षण केलं, त्याचे आवाज कुणालाही ऐकता येतील असे ठेवले आहेत. त्याच परंपरेत १९६०च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी वारलीसारख्या बोलींची वर्णनं केली होती. म्हणजे पाया आहे. शून्यापासून सुरुवात करायची नाही.

तंत्रज्ञानाची बाजूही आता आशा वाटावी अशी आहे. २०२० मध्ये एक नवी रीत पुढे आली. यंत्राला आधी मजकुराशिवाय नुसता आवाज ऐकवायचा, पुष्कळ तास. मग थोडासाच लिहिलेला मजकूर द्यायचा. इंग्रजीत त्रेपन्न हजार तास नुसतं ऐकवून मग फक्त दहा मिनिटांचा मजकूर दिला, तरी यंत्र वाचलेलं इंग्रजी चांगलं उतरवू लागलं. अहिराणीला दहा मिनिटं पुरतील असं मी म्हणणार नाही. ते स्वच्छ वाचन होतं आणि ऐकवलेला आवाजही इंग्रजीच होता. पण लिहिलेल्या हजारो तासांवाचून काहीच होत नाही, ही सबब आता चालणार नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, शेवटी येईन, तिथे येतो. जर्मनीच्या निर्वासित खात्याने २०१७ पासून एक यंत्रणा वापरायला घेतली. कागदपत्रं नसलेल्या माणसाला फोनवर एखाद्या चित्राचं वर्णन करायला सांगतात आणि यंत्र त्याची अरबी बोली कोणती याचा अंदाज देतं. चित्र दाखवून बोलतं करणं, म्हणजे ‘वाणी’चीच रीत, पण कारण वेगळं. हा माणूस सांगतो त्या देशाचा आहे की नाही, हे तपासण्यासाठी त्या अंदाजाचा आधार घेतला जातो. यंत्र चुकलं तर? सीमेवरच्या गावात वाढलेल्याची, आई एका देशाची आणि बाप दुसऱ्या देशाचा असलेल्याची बोली कुठल्या खान्यात घालायची? आपल्याकडे आवाजावरून गावच कळतं असं नाही, पुष्कळदा जातही कळते. नोकरीच्या मुलाखतीत, कर्जाच्या चौकशीत, फोन उचलतानाच यंत्राने बोली ओळखून ठेवली तर काय होईल, याचा विचार आपण आजच केला पाहिजे. बोलीची नोंद त्या संभाषणापुरती राहावी, माणसाच्या नावापुढे कायमची चिकटू नये, ही अट आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे मागितली पाहिजे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचा आधार घेता येईल.

यंत्राने न ओळखल्याचाही तोटा असतोच. २०२० मध्ये अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांची यंत्रं तपासली गेली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे एकोणीस चुका, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस. भाषा तीच, इंग्रजी. असा अभ्यास आपल्याकडे तालुकावार झाला, तर निफाड आणि सुरगाण्याच्या आकड्यांत किती अंतर निघेल?

मग नाशिकने काय करावं? मोठी घोषणा नको. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ या गावात आहे. ज्यांना वर्गात येता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचायची त्याला सवय आहे. आवाज गोळा करायचं काम त्याने हाती घ्यावं. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. जमा झालेल्या आवाजांची एक प्रत तिथे राहावी, बोलणाऱ्यांच्या नातवंडांना ती ऐकता यावी. वाचून दाखवायला सांगू नये, बोलू द्यावं. म्हाताऱ्या बायकांचे आवाज आधी घ्यावेत, कारण बाहेरच्याशी बोलताना भाषा बदलायची सवय त्यांना सगळ्यात कमी असते. आवाज घेणारा त्याच तालुक्यातला असावा. अमेरिकेतले भाषाभ्यासक विल्यम लबॉव्ह यांनी दाखवून दिलं, की आपलं बोलणं कुणी निरखतं आहे हे कळलं की बोलणारा सावध होतो. निरखणारा परका असेल तर जास्तच.

आणि लिहून घेणारा तर त्याच घरातला हवा. कळवणचं कळवणच्या मुलीने लिहावं, पेठचं पेठच्या मुलाने. त्यांना तासाचे पैसे शहरातल्या लिहिणाऱ्याइतकेच मिळावेत आणि त्यांच्या हातात एकच सूचना द्यावी: ऐकू येईल तसं लिहा, सुधारू नका. सुरगाणा आणि पेठ यांचं काम अहिराणीनंतर नको, सोबतच सुरू व्हावं. आरोग्य केंद्रात आलेल्या कोकणा बाईचं दुखणं यंत्राने चुकीचं टिपलं, तर ते निस्तरायला तिथे दुसरं कुणी नसतं.

व्यासपीठाच्या उजवीकडे संयोजकांनी एक वही ठेवली आहे. ज्यांना हे लिहून घेण्याचं काम करायचं आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी बोलायला तयार आहे, त्यांनी नाव, गाव आणि घरात कोणती बोली बोलता, एवढं लिहून जावं. बोलीचं नाव माहीत नसेल तर ती जागा मोकळी सोडा. आता तुमचे प्रश्न घेतो. ते तुमच्या बोलीत विचारावेत, अशी माझी विनंती आहे.